रिव्हर्स मॉर्गेज घ्यायचं की टॉपअप? आई-वडिलांच्या घरावर पैसे उचलण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. वडील ७१, आई ६६, बेळगावच्या टिळकवाडीत वडिलांनी १९९४ ला स्वतः जागा घेऊन बांधलेलं घर. २०१६ ला वरचा मजला चढवताना वडील आणि तुम्ही मिळून होम लोन काढलं, त्याचे ६ लाख बाकी आहेत, ६ वर्षं राहिलीत, व्याज ९.७५ टक्के आणि हप्ता तुमच्या पगारातून जातो. आता आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला पाच लाख पाहिजेत. वडील उद्यमबागच्या फाउंड्रीतून रिटायर झालेले, ईपीएफची पेन्शन २,८००, त्यामुळं घरखर्चाला महिन्याला दहाएक हजार कमी पडतात. ब्रिटनमधल्या लेस्टरचा भाऊ म्हणतो इकडं इक्विटी रिलीज करतात, म्हणजे घराच्या किमतीवर पैसे उचलतात, तसं करा, हप्ताच नाही. तुम्ही म्हणताय बँक बदलून टॉपअप, म्हणजे चालू होम लोनवर वाढीव कर्ज, घेऊ. बहीण म्हणते घराला हातच लावू नका.

मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी लोन डिपार्टमेंटला, बेळगाव, निपाणी, चिकोडी अशा शाखांत. रिटायर झाल्यावर सुद्धा लोक फाइल घेऊन येतात, बघून देतो. त्या अनुभवावर सांगतो, पण शेवटचा आकडा तुमची बँक, तुमचं उत्पन्न आणि घराचं व्हॅल्युएशन ह्यावरच ठरणार, ते इथं बसून मला सांगता येणार नाही.

पहिली गोष्ट, तुम्ही विचारताय "ह्यातलं कुठलं चांगलं", पण तुमच्याकडं एक नव्हे दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्या एकात मिसळल्यात. ऑपरेशन हा एकदाचा खर्च आहे, तो झाला की संपला. दहा हजारांची तूट मात्र दर महिन्याची, आई-वडील आहेत तोवरची. एकदाच्या खर्चाला हप्त्याचं कर्ज चालतं, फक्त हप्ता भरणारा पक्का पाहिजे. दर महिन्याच्या तुटीला हप्त्याचं कर्ज काढलं तर काय होतं ते मी लई वेळा बघितलंय, कर्जाच्याच पैशातून कर्जाचा हप्ता जातो आणि दोन-तीन वर्षांत पैसे संपतात, हप्ता मात्र राहतो. ९० दिवस हप्ता चुकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, मग तारण जप्तीच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि सत्तरीतला माणूस बँकेच्या बाकावर येऊन बसतो. ते बघवत नाही.

आता भावाचं बोलणं. तो चुकीचं सांगत नाही, तो तिथलं सांगतोय. ब्रिटनमध्ये ५५ वर्षांपासून लाइफटाइम मॉर्गेज मिळतं, घर आपल्याच नावावर राहतं, हप्ता भरायची सक्ती नसते, व्याज चढत जातं आणि माणूस गेल्यावर किंवा कायमचा वृद्धाश्रमात गेल्यावर घर विकून वसूल होतं. बरेच लोक एकदम मोठी रक्कम उचलतात. आपल्याकडं त्याच्या जवळची वस्तू म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज. २००७-०८ च्या बजेटमध्ये चिदंबरम यांनी जाहीर केलं, मग नॅशनल हाउसिंग बँकेनं नियम काढले. पण नाव जवळचं असलं तरी व्यवहार बराच वेगळा आहे, आणि तुमच्या घराला तो कसा लागतो ते बघूया.

नियम साधे आहेत. मालकाचं वय ६० च्या वर, नवरा-बायको दोघं असतील तर दुसऱ्याचं ५५ च्या वर (काही बँका ५८ म्हणतात). घर स्वतः कमावलेलं, स्वतः राहात असलेलं, कागद स्वच्छ, घराचं आयुष्य अजून किमान २० वर्षं आहे असं इंजिनिअरनं लिहून दिलं पाहिजे. १९९४ चं घर आहे, स्लॅब नीट असेल तर मिळून जाईल. बँक १५ ते २० वर्षं दरमहा पैसे देते, हप्ता नाही, मिळालेल्या पैशावर आयकर नाही. मुदत संपली की पैसे यायचे थांबतात पण दोघांतला शेवटचा माणूस असेपर्यंत घरात राहता येतं. नंतर वारसांना पहिला हक्क, त्यांनी कर्ज फेडलं तर घर त्यांचं, नाही फेडलं तर बँक विकते आणि उरलेले पैसे वारसांना देते. घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालं तर ती तूट बँकेची, मुलांच्या खिशातून मागता येत नाही. म्हणजे बहिणीला जी भीती आहे की घर लगेच बँकेचं होतं, तसं नव्हे.

पण आकडा बघा. समजा घराची किंमत ६० लाख निघाली आणि बँकेनं ७० टक्के धरलं, म्हणजे ४२ लाख. इथंच सगळ्यांची गल्लत होते. लोकांना वाटतं ४२ लाख हातात येणार. ह्या ४२ लाखांत पुढच्या १५ वर्षांचं व्याज आधीच धरलेलं असतं. १० टक्के व्याज धरून हिशोब केला तर महिन्याला हातात येतात साधारण दहा हजार. पाच वर्षांत तुम्हाला मिळाले ६ लाख, कर्ज झालं ७ लाख ७४ हजार. दहा वर्षांत मिळाले १२ लाख, कर्ज साडेवीस लाख. पंधरा वर्षांत मिळाले १८ लाख आणि कर्ज जवळजवळ साडेएक्केचाळीस लाख. पहिल्या पाच वर्षांत काही वाटत नाही, शेवटच्या पाच वर्षांत व्याजावर व्याज असं काही चढतं की बघणाऱ्याचे डोळे पांढरे होतात. ह्यात फसवणूक नाही, चक्रवाढ व्याज असंच चालतं, पण सही करताना वडिलांना हे तिन्ही आकडे कागदावर लिहून दाखवले पाहिजेत.

एकरकमी पण मिळतं, पण दवाखान्यासारख्या कारणाला, मंजूर रकमेच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त १५ लाख. आज ५ लाख एकदम उचलले तर त्याच १० टक्क्यांनी १५ वर्षांत ते २२ लाखांच्या वर जातात आणि महिन्याचा आकडा तेवढा खाली येतो. म्हणजे ऑपरेशन आणि घरखर्च दोन्ही रिव्हर्समधून काढायचं म्हटलं तर महिन्याला दहा हजार हातात येणारच नाहीत. भावाला हे आधी सांगा.

आता तुमच्या केसमधली खरी अडचण. रिव्हर्स मॉर्गेजला घरावर दुसरा बोजा चालत नाही. तुमच्यावर ६ लाखांचा बोजा आहे. म्हणजे आधी ते फेडा, मग अर्ज. दुसरं, तुम्ही जाता जाता लिहिलंय की वरचा मजला तुम्ही नोकरीला हुबळीला गेल्यापासून बंद आहे. तो भाड्यानं द्यावा असं उद्या वाटेल, पण रिव्हर्स घेतल्यावर घर भाड्यानं दिलं किंवा कागदावर नवीन मालक घातला तर बँकेला कर्ज परत मागायचा हक्क येतो. आणि तिसरं, कर्जदार सलग एक वर्ष त्या घरात राहिला नाही तरी कर्ज वसुलीला येतं. तुमचा भाऊ लेस्टरला आहे. उद्या त्यानं आई-वडिलांना वर्षभरासाठी नेलं तर? हे कुणी सांगत नाही, कागदावर बारीक अक्षरात असतं.

म्हणून माझं मत असं की आज तुमच्यासाठी रिव्हर्स नव्हे. पण तुम्ही म्हणताय तसं बँक बदलणं पण नको.

बँक बदलण्याचा हिशोब करूया. ६ लाख, ६ वर्षं, ९.७५ ला हप्ता बसतो ११,०४० च्या आसपास. नवीन बँक ९ टक्क्यांनी देते म्हणाली तर १०,८१५. महिन्याला सव्वादोनशे रुपये वाचले, सहा वर्षांत सोळा हजार. त्यातून प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी), व्हॅल्युएशन, एमओडीटीची (घराचे कागद बँकेत तारण ठेवल्याच्या दस्ताची) स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी वजा करा. काय उरलं? कर्ज नवं असेल, पंधरा-वीस वर्षं बाकी असतील, रक्कम मोठी असेल तर बदलण्यात अर्थ आहे. तुमचं कर्ज उताराला लागलंय.

त्यापेक्षा आधी आपल्याच बँकेत जा आणि विचारा की माझं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या रेपो रेटला जोडलेलं आहे का. २०१६ चं कर्ज बहुतेक एमसीएलआरवर, म्हणजे बँकेनं स्वतः ठरवलेल्या दरावर, असणार. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) होम लोन रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात, आणि जुन्या कर्जदाराला थोडीशी फी भरून त्यात बदलून घेता येतं. एक अर्ज आणि मॅनेजरची सही एवढंच काम. मी शाखेत असताना जुन्या कर्जदारांना स्वतःहून सांगायचो, पण सगळीकडं सांगतात असं नाही, तुम्हीच विचारा. (कर्ज बँकेचं नसून हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर हा नियम तसाच्या तसा लागत नाही, पण दर कमी करून मागता येतो, आणि देत नसतील तर मग बदलायचा विचार करा.)

दर बदलून घेतला की तिथंच ५ लाखांचा टॉपअप मागा. जुने ६ आणि नवे ५ मिळून ११ लाख, ९ टक्के, १० वर्षं, हप्ता येतो १३,९३४. टॉपअपचा दर होम लोनपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून १४ ते साडेचौदा हजार धरून चला. तुम्ही आज ११ हजार भरताच आहात. म्हणजे आईचं ऑपरेशन महिन्याला आणखी तीन-साडेतीन हजारांत बसतं. एकूण व्याज बघितलं तर पावणेसहा लाखांच्या पुढं जातं, ते काही थोडं नव्हे, पण बोनस आला, एखादी भिशी लागली की मध्येच भरून टाका, घरगुती फ्लोटिंग कर्जावर मुदतीआधी फेडायला दंड नाही.

आपल्याच बँकेत टॉपअप घ्या म्हणायचं दुसरं कारण कागद. तुमचे मूळ कागद तिथंच आहेत, २०१६ ला वकिलानं सर्च केलेला आहे. बँक बदलली की सगळं पहिल्यापासून. आणि बेळगावात पहिल्यापासून म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. १ नोव्हेंबर १९५६ आधी आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळं जुनी खरेदीखतं मराठीत, त्याहून जुनी मोडीत. शहापूरचं तर आणखी वेगळं, तो भाग सांगली संस्थानात होता. पुढचे उतारे, ईसी (मिळकतीवरच्या बोज्यांचा दाखला) सगळं कन्नडमध्ये. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बाहेरगावचा असेल तर प्रत्येक जुन्या दस्ताचं सर्टिफाइड भाषांतर मागतो, आणि एका दस्तात नाव एक, दुसऱ्यात आडनावाचं स्पेलिंग दुसरं, मग अॅफिडेव्हिट. एका शहापूरच्या कुटुंबाची फाइल मी बघितली, घर पक्कं, माणसं सरळ, पण आजोबांच्या वेळची वाटणी तोंडी झालेली, नोंद कुठंच नाही. त्यांना रिव्हर्स पाहिजे होतं. वडिलोपार्जित आणि न वाटलेलं घर म्हटल्यावर पहिल्याच दिवशी फाइल परत. आत्यांचे पण हक्क होते. दोन वर्षं लागली नोंदणी केलेलं वाटणीपत्र व्हायला.

दुसरे कोणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी सांगतो, तुमचं घर खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचे (पंचायतीतल्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) फॉर्म ९ आणि फॉर्म ११ पाहिजेत, कॉर्पोरेशनच्या हद्दीत असेल तर ई-खाता, म्हणजे मिळकतीची तिथली ऑनलाइन नोंद. शेतजमीन एनए (बिनशेती) न करता पाडलेले प्लॉट स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेत आणि त्यावर दोन मजले चढवलेत अशी घरं आपल्याकडं थोडीथोडकी नाहीत. त्यांना सरकारी बँक दोन्हीतलं काहीच देत नाही, बी-खात्याला (नियमात न बसणाऱ्या मिळकतीची नोंद) पण बहुतेक बँका मागं सरतात. कॅम्पातली (कॅन्टोन्मेंटमधली) जागा असेल तर लीज कुणाची ते आधी बघा. अशा वेळी माणूस क्रेडिट सोसायटीत जातो, तिथं कागद कमी बघतात आणि व्याज जास्त लावतात. माझ्या ओळखीच्या एका घरानं असंच एका सोसायटीतून लग्नासाठी उचललं, व्याज पंधराच्या वर, वडिलांच्या सहीवर, हप्ता भरणारा मुलगा नोकरी सुटून घरी बसला. शेवटी घर विकूनच सुटका झाली. तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारतो की हप्ता कोण भरणार आणि त्याचं काही झालं तर कोण.

तो प्रश्न तुम्हाला पण विचारतो. टॉपअप घेताना तुमच्या नावावर कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स घ्या. बँक कर्जातच एकरकमी प्रीमियमची पॉलिसी जोडून देते, ती घेतलीच पाहिजे अशी सक्ती नाही, बाहेर साधा टर्म प्लॅन बघून तुलना करा.

इथवरचा हिशोब असा: ऑपरेशन टॉपअपमधून, हप्ता तुमच्या पगारातून, बँक तीच. राहिली महिन्याची तूट.

त्यासाठी घर तारण ठेवायच्या आधी घर वापरा की. वरचा मजला बंद आहे. टिळकवाडीत आरपीडी कॉलेज आहे, शिकायला बाहेरगावची पोरं येतात, नोकरदार येतात. गल्लीत विचारा काय भाडं चाललंय. महिन्याला सात हजार जरी आले तरी तुटीतला मोठा हिस्सा भरला, आणि वर माणूस असला की म्हाताऱ्या माणसांना रात्री-अपरात्री सोबत पण होते. ११ महिन्यांचा करार लिहून करा. तुम्ही सणाला आलात की कुठं राहणार हा प्रश्न येईल, मला माहीत आहे, आई म्हणेल पोराची खोली आहे ती. तिला समजावून सांगायला लागेल, आणि ते तुम्हीच सांगा, भाडेकरू घरात आल्यावर कळू देऊ नका.

उरलेल्या तीन हजारांचं भावाशी बोला. तिकडचे पन्नास पौंड म्हणजे इकडचे पाच हजारांच्या वर. हप्ता तुम्ही भरताय, घराजवळ बहीण आहे, धावपळ तिची होणार. दूर असलेल्यानं महिन्याला एवढं पाठवलं तर त्याचा पण हात लागतो. त्याच्या मनात वाईट नाही, त्याला वाटतं आई-वडिलांनी आपल्याच घराच्या जोरावर ताठ मानेनं राहावं, कुणापुढं हात पसरू नये. ती भावना खरी आहे. फक्त तिथली वाट इथं तशी जात नाही.

रिव्हर्स मॉर्गेज वाईट आहे असा अर्थ काढू नका. वडगावच्या एका आजींना मीच ते घ्यायला लावलं होतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, घर स्वतःच्या नावावर, कर्ज नाही, पुतणे नुसते घरावर डोळा ठेवून. त्यांना महिन्याला पैसे सुरू झाले, दवाखान्याचा खर्च कुणाला न विचारता करायला लागल्या. हप्ता भरणारं कुणी नाही, मागं कुणाला द्यायचं नाही, घर सोडायचं नाही, अशा माणसासाठी ती योजना आहे. तुमच्याकडं पण दहा वर्षांनी कर्ज फिटलं आणि तेव्हा आई एकटी असली, तुमची नोकरी नसली, तर ती वाट उघडी राहते. तेव्हा वय जास्त असल्यानं बँक टक्का पण जास्त धरते. घेतलंत तर सही झाल्यावर तीन दिवसांत रद्द करायचा हक्क असतो एवढं लक्षात ठेवा, आणि घरपट्टी, घराचा विमा, डागडुजी ही कर्जदाराचीच जबाबदारी, ते चुकलं तरी कर्ज परत मागू शकतात.

ती वाट उघडी राहावी म्हणून एक गोष्ट करू नका. टॉपअपच्या वेळी कोणीतरी सांगेल की वडिलांचं वय झालंय, घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका, कर्ज पटकन होतं. करू नका. घर वडिलांच्या नावावरून गेलं की आई-वडिलांना रिव्हर्स कधीच मिळणार नाही, आणि बहिणीची जी भीती आहे ती खरी ठरते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळ करायच्या अटीवर दिलेलं घर सांभाळ केला नाही तर परत घेता येतं, पण त्यासाठी बापानं मुलाविरुद्ध अर्ज करायला लागतो. तिथवर जायचंच कशाला. वडील मालक आणि सहकर्जदार, तुम्ही मुख्य कर्जदार, २०१६ ला होतं तसंच राहू दे.

सोमवारी बँकेत जाताना दवाखान्याचं लेखी एस्टिमेट, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, चालू वर्षाची घरपट्टीची पावती आणि ई-खाता घेऊन जा. ई-खात्यात वरचा मजला चढलाय का तेवढं आधी बघा, २०१६ ला बांधलं आणि कॉर्पोरेशनमध्ये नोंदच केली नाही असं बऱ्याच घरांत असतं, तिथं अडलं तर पंधरा दिवस जातात. आणि रविवारी बहिणीला घरी बोलवून हा सगळा हिशोब वडिलांच्या समोर एका कागदावर मांडा. दर बदलायला बँकेनं किती फी सांगितली ते इथं कळवा, मग टॉपअप १० वर्षं ठेवायचा की ८, ते आकडे घालून सांगतो.